अकरा मिनिटं, चाळीस सेकंद

आमच्या वाडीत मनगटावर घड्याळ बांधणारा पहिला माणूस मीच. दहा वर्षं मी ते उलटं बांधत होतो, एवढंच.

त्यात माझी चूक नव्हती, असं मी पुष्कळ दिवस सांगत फिरलो. लग्नात सासऱ्यांनी ते माझ्या हातात घातलं तेव्हा ते माझ्यासमोर उभे होते. त्यांच्या बाजूने सुलटंच होतं. मी तसंच ठेवलं. शाळेत मी गेलो नाही असं नाही, गेलो होतो, पहिलीत दोन महिने. आकडे आले ते रिक्षा घेतल्यावर, फोन लावण्यापुरते आणि नोटा ओळखण्यापुरते. पण घड्याळातले काटे माझ्याशी कधी बोलले नाहीत. कोणी विचारलं, "किती वाजले रे?" की मी रुबाबात हात झटकून घड्याळ वर करायचो, मग हळूच उन्हाकडे बघायचो आणि सांगायचो, "धा होतत." आभाळ भरलेलं असलं की सांगायचो, "ह्यां बंद पडलांसां वाटता."

ते घड्याळ उलटं आहे हे बघितलं सगळ्यांनी. बोलले एकटे गुरुजी. त्यांच्याबद्दल सांगायचंय. पण त्यांच्याबद्दल सांगायला बसलो की माझी अकरा मिनिटं मध्ये येतात. नऊ वर्षं झाली. गुरुजींच्या उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून मिटत नाही. ती माझ्यामुळे की फुरशाच्या विषामुळे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी सांगतोय आणि माझी मुलगी लिहून घेतेय. आम्ही तिला बाय म्हणतो. तेव्हा तिसरीत होती, आता बारावी झाली. मी म्हटलं, "बाय, जरा माझा बरां दिसात असां लिव." ती म्हणाली, "होता तसां सांग. मी काय भर घालूचंय नाय."

गुरुजी वैभववाडीकडचे. आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेत ते आणि एक बाई, दोघंच. सोमवार ते शनिवार देवळामागच्या खोलीत भाड्याने राहायचे, रविवारी घरी वैनींकडे. अंगाने बांबू. घड्याळ उजव्या हातात, आणि तेही मनगटाच्या आतल्या बाजूला. वेळ बघायची तर तळहात वर करायचे, जसा काही आता कोणीतरी त्यांच्या हातावर वेळ वाढणार आहे. त्या घड्याळात आकडे नव्हते, नुसत्या रेघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, ह्यांनाही आकडे येत नसावेत.

वर्गात त्यांनी एक खडूचा रिकामा डबा ठेवला होता. त्याच्यावर लिहिलेलं, "तुरुंग". त्यात शब्द कोंडलेले. 'आत्ता', 'मगे', 'बेगीन', 'थोड्या वेळान' असे एकेक शब्द चिठ्ठीवर लिहून आत टाकलेले. वर्गात कोणी त्यातला शब्द बोलला की गुरुजी तळहात वर करायचे.

"म्हणजे किती?"

"गुरुजी, मी मगे लिवतंय."

"मगे म्हणजे किती? मिनिटं सांग, सेकंद सांग, पेज शिजायला लागते तेवढा वेळ सांग. पण माप सांग."

पहिलीतलं एक पोर उठून म्हणालं, "गुरुजी, माका आत्ता बाहेर जावचां आसा." गुरुजी म्हणाले, "आत्ता म्हणजे किती?" पोर विचार करायला लागलं. ते विचार करत असतानाच खालची फरशी ओली झाली. गुरुजींनी तळहात वर केला आणि फळ्यावर लिहिलं, "आत्ता = १४ सेकंद." मग स्वतः फडका आणून पुसलं. पोराची आई भांडायला आली होती. तिलाही विचारलं, "तुम्ही किती वेळ भांडणार?" ती इतकी गांगरली की तशीच परत गेली.

ते पोरांना घड्याळ शिकवत नव्हते, आधी वेळ शिकवत होते. घड्याळ शेवटी. पोरं घरून मोजून आणायची, विहिरीवरून कळशी आणायला किती, माडावर चढून उतरायला किती, एसटी वळवून घ्यायला ड्रायव्हरला किती. शाळेत एक जुनं स्टॉपवॉच होतं, दोरी बांधून ते पाळीपाळीने एकेकाच्या गळ्यात. अंगणात एक काठी पुरलेली. दर तासाला तिची सावली जिथे पडेल तिथे पोरं चिऱ्याचा एक तुकडा ठेवायची. ज्याची पाळी असेल त्याने सकाळी लवकर यायचं. बघा, मी 'लवकर' म्हणालो. गुरुजी असते तर म्हणाले असते, लवकर म्हणजे किती?

एकदा पोरांना सोडायला गेलो तर मलाच वर्गात बसवलं. "ड्रायव्हर, या. डोळे मिटा. एक मिनिट झालं असं वाटलं की हात वर करायचा." सगळी पोरं डोळे मिटून बसली. मीही बसलो. अंधार. पलीकडे कोणीतरी नाक ओढतंय. एवढा वेळ झाला, एवढा वेळ झाला की मला वाटलं आता घंटा होणार. हात वर केला.

"नऊ सेकंद," गुरुजी म्हणाले.

बाय तिथेच बसली होती. तिने एकोणसाठला हात वर केला होता. घरी आल्यावर आईला म्हणाली, "आये, बाबाच्या मिनटात नवच सेकंद आसत."

त्या दिवशी रिक्षेपर्यंत गुरुजी माझ्याबरोबर आले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "ड्रायव्हर, घड्याळ उलटं आहे."

मी म्हटलं, "माका म्हायत आसा, गुरुजी. समोरच्याक वाचूक बरां पडता म्हणान तसां."

ते हसले नाहीत. "चांगला विचार आहे," म्हणाले आणि गेले. आता थाप मारली म्हटल्यावर ती निभावायला हवी. पुढचं एक वर्ष मी ते मुद्दाम उलटंच बांधलं.

माणूस वाईट नव्हता, पण अवघड होता. वाडीतल्या एका लग्नात मुहूर्त टळला. नवरी अजून खोलीत, भटजी मुंडावळ्या शोधतायत, आणि गुरुजी मुलीच्या बापाच्या कानात जाऊन सांगतायत, "सतरा मिनिटं झाली हो." थोड्या वेळाने परत, "एकोणीस." बापाच्या हातात अक्षतांचं ताट होतं म्हणून, नाहीतर हात उठला असता. मी गुरुजींना बाजूला घेऊन म्हटलं, "जेवणाची पंगत बसली की सांगा, ता मोजूक माका आवडात." तेव्हा मला सगळं मजेचं वाटत होतं.

मग त्यांनी पोरांना कामाला लावलं. गावातलं प्रत्येक माणूस "पाच मिनटांत येतंय" म्हणतो. तर त्याची पाच मिनिटं किती, ते मोजायचं. मोजणाऱ्याने काही बोलायचं नाही, बटण दाबायचं आणि उभं राहायचं. पाच मिनिटांना एक बोटभर लांब कागदाची पट्टी, ह्या हिशेबाने वर्गाच्या भिंतीवर पट्ट्या चिकटवायच्या. वर मथळा, "आपल्या गावाची पाच मिनिटे".

पोस्टमनची पट्टी अडीच बोटं. देवळातल्या पुजाऱ्याची सात. खिचडी करणाऱ्या काकींची बरोब्बर एक बोट, त्यांचा सगळ्यांनी टाळ्या वाजवून सत्कार केला. माझी पट्टी फळ्याजवळ सुरू झाली, कोपऱ्यात गेली, तिथे वळवली आणि दाराच्या चौकटीला लागून थांबली. एक तास बावन्न मिनिटं. त्याच्यात मी खोटं काही बोललो नव्हतो. एका म्हातारीला बाजारात न्यायचं होतं, तिला म्हटलं पाच मिनटांत येतंय. वाटेत एकाने चहा पाजला, एकाचा टायर बदलून दिला, मग घरी जाऊन जेवलो. बाय सगळा वेळ माझ्या मागून चालत होती. जेवताना तिलाही वाढलं. गळ्यात स्टॉपवॉच आणि तोंडाने एक शब्द नाही. मला वाटलं, चेडवाचं पोट दुखत असेल.

पट्टी बघायला वाडी लोटली. मी सगळ्यांना सांगत होतो, "गावात सगळ्यात लांब कोणाची? माझी!" लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "ड्रायव्हर, तुमची एकट्याची गाडी आहे इथे. कोणाला खरंच पाच मिनिटांत लागली तर?"

मी म्हटलं, "तेव्हा येतलंय की!"

आता पुढचं. त्याच्या दोन दिवस आधी पोरांनी माझी फजिती केली होती. गुरुजींना न सांगता, पोरांचंच डोकं. स्टॉपवर मी गप्पा मारत बसलेलो, तर चार पोरं धावत आली, "काका, बेगीन चला, पाडो तुमच्या रिक्षेची शीट खाता!" मी असा धावलो की एक चप्पल मागे राहिली. रिक्षेजवळ वासरूही नाही आणि काही नाही. मागे पोरं स्टॉपवॉच नाचवत ओरडतायत, "तीस सेकंद! तीस सेकंद!" गुरुजींना कळलं तेव्हा त्यांनी पोरांना अर्धा तास उभं केलं. म्हणाले, खोटी हाक मारून घेतलेलं माप हे माप नव्हे. पण मला लागायचं ते लागलं. मी मनात म्हटलं, आता पुन्हा फसलो तर नाव सांगणार नाही.

त्या सकाळी मी स्टॉपवरच्या सलूनमध्ये होतो. तोंडाला साबण, एक गाल झालेला. आरशात बघतो तर बाय धावत येतेय. गळ्यात स्टॉपवॉच.

"बाबा, चल! गुरुजींका फुरसां चावलां! बेगीन चल!"

मी आरशातूनच सलूनवाल्याला डोळा मारला. म्हटलं, "बघ, आज फुरसां. परवा पाडो होतो."

"बाबा, खरांच! काठीकडचो दगड सरकवूक गेले, तेच्याखाली होतां!"

"पाच मिनटांत इलंय, जा," म्हटलं.

ती उभी राहिली. तिच्या अंगठ्याने बटण दाबलं गेलं ते मी आरशात बघितलं. तिला विचारलं तर अजून सांगते, कसं दाबलं ते माहीत नाही, सवयीने दाबलं. पण मला ते बटण दिसलं आणि मी म्हटलं, झालं, पकडलं चोराला. ती रडायला लागली. मी सलूनवाल्याला म्हटलं, "काय नाटक करता बघ! दशावतारात घातलां तर पैसे मिळतीत." दुसरा गाल केला. मग मुद्दाम, तिला शिकवायचं म्हणून, डोक्याला मालिश सांगितली.

ती माझा शर्ट ओढत होती. मी शर्ट सोडवून घेतला.

मग खिचडीच्या काकी आल्या. ज्यांची पट्टी एक बोटाची, त्या. पदर सुटलेला, पायात काही नाही. दारातूनच ओरडल्या, "मेल्या, मास्तर मराक घातलंस काय रे? तुका बोलवूक धाडून किती वेळ झालो!"

मी खुर्चीवरून उठलो तेव्हा गळ्यात सलूनचा कपडा तसाच होता. शाळेत पोचलो तेव्हा गुरुजी पायरीवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून, हलवत नव्हते. करंगळीतून रक्त येत होतं, थोडंथोडंच, पण थांबत नव्हतं. शाळेतल्या बाईंनी ॲम्ब्युलन्सला फोन केला होता. पण ती तालुक्यावरून येणार आणि परत जाणार, त्याच्या निम्म्या वेळात रिक्षा पोचते, हा हिशेब गुरुजींनी केला होता. रिक्षा स्टॉपवर आहे, दोन मिनिटांत येईल. आणि बाईंना म्हणाले होते, "बायला धाडा. तिचा बाप तिचं ऐकेल."

हे मला मागाहून कळलं. तेव्हाच कळलं असतं तर मला रिक्षा चालवता आली नसती.

वाटेत मी म्हटलं, "गुरुजी, हय खालच्या वाडीत एक विषावर मूळ देणारो आसा, धा मिनटां थांबाया काय?"

मागून आवाज आला, "ड्रायव्हर, समोर बघा आणि चालवा." मग जरा वेळाने, "आणि धा मिनिटं म्हणू नका."

तालुक्याच्या दवाखान्यात त्यांना आत घेतलं. हात मनगटापर्यंत सुजला होता. सिस्टरने त्यांचं घड्याळ आणि अंगठी काढून माझ्या हातात दिली. सलाइन लावलं. मग रक्त काढून काचेच्या एका नळीत भरलं आणि नळी खिडकीजवळच्या टेबलावर उभी करून ठेवली.

"हिला हात लावायचा नाही, हलवायची नाही," सिस्टर म्हणाली. "वीस मिनिटं. रक्त गोठलं तर चांगलं. नाही गोठलं तर विष अंगात भिनलंय, मग लगेच इंजेक्शनं. डॉक्टर पलीकडे आहेत, एक अपघाताची केस आलीय. मी येतेच. पण तुम्ही लक्ष ठेवा, वीस झाली की हाक मारा. घड्याळ आहे ना?"

मी रुबाबात हात वर केला. हाताला सवयच ती. सिस्टर गेली. मी बघितलं. माझ्या घड्याळातला सेल शिमग्यापासून संपलेला होता. मोबाइल सलूनच्या आरशाखाली राहिलेला. त्या खोलीत भिंतीवर देवाचं कॅलेंडर होतं, घड्याळ नव्हतं. हातात गुरुजींचं घड्याळ. रेघा रेघा रेघा.

"किती झाली?" गुरुजींनी विचारलं.

मी घड्याळाकडे बघितलं. उन्हाकडे बघायला गेलो तर खिडकीला पडदा.

"पाच मिनटां."

"तुमची की माझी?"

ते खाटेवरून माझ्याकडे बघत होते. चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे वर्गातलेच.

"ड्रायव्हर, खरं सांगा. घड्याळ कळतं का?"

मी दाराकडे बघितलं, कोणी ऐकत नव्हतं. दहा वर्षं बायकोला सांगितलं नव्हतं ते त्या खोलीत सांगितलं. "नाय, गुरुजी."

मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. त्याचा जीव त्या नळीत, आणि राखण करायला बसवलेल्याला काटा कळत नाही. ते ओरडले नाहीत. डोळे मिटले. उघडले. आणि पोरांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "काटे किती दिसतात?"

"तीन. एक पळता."

"पळतो त्याच्याकडे बघायचं नाही, तो उगाच घाबरवतो. दोघांतला लांब कुठला?"

"हो... गावलो."

"जाड रेघा आहेत बारा. सिस्टरने नळी ठेवली तेव्हा लांब काटा पट्ट्याच्या कडीकडच्या जाड रेघेवर होता. मी बघितलंय. तिथून पुढे चार जाड रेघा मोजा."

"पुढे म्हणजे खंय? वर खंयचां, खाली खंयचां? ह्यात आकडेच नाय, गुरुजी, मी उलटां धरलंय की सुलटां ताच कळणा नाय!"

"उलटं धरलंत तरी चालेल," ते म्हणाले. "किती वाजले हे उलट्या घड्याळात चुकतं. किती झाली ते नाही चुकत. काटा जातोय त्या बाजूला चार रेघा. चौथीवर नख ठेवा."

मी मोजल्या. परत मोजल्या. चौथ्या रेघेवर, काचेवर, अंगठ्याचं नख दाबून धरलं.

"आता काटा कुठे आहे?"

"पयली रेघ गेली. जराशी पुढे."

"म्हणजे पाच होऊन गेली. बघा, तुम्ही मघाशी बरोबर सांगितलंत," गुरुजी म्हणाले, आणि हसायला गेले तर त्यांचा ओठ थरथरला.

तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत. सगळ्या गावाला मिनिटं विचारणारा माणूस, त्याला स्वतःची पंधरा मिनिटं कापता येत नव्हती. म्हणाले, "बोलत राहा." मी आयुष्यभर बोलत आलो, पण तेव्हा एकच गोष्ट तोंडात येत होती.

"गुरुजी, बाय इल्लां तेव्हा मी दाढी करीत होतंय. माका वाटला, पोरां परत फसवतत. मी... मी मालिश सांगितलंय."

करंगळीवरचं फडकं लाल होत होतं. ते फडक्याकडे बघत म्हणाले, "किती वेळ?"

"म्हायत नाय. बायच्या गळ्यात स्टॉपवॉच होतां."

"मग तिला माहीत असेल," एवढंच म्हणाले.

दुसरी रेघ. तिसरी. तिसरीनंतर त्यांनी विचारायचं थांबवलं. डोळे मिटलेले. मी म्हटलं, "गुरुजी?" नुसता हुंकार आला. नळी खिडकीत उभी होती, आणि तिच्यात बघायचं धाडस मला होत नव्हतं. काटा हलतो की नाही तेच कळत नव्हतं. बघत राहिलं की हलत नाही, डोळा मिचकावला की पुढे गेलेला. मनात सारखं येत होतं, आता हाक मार, आता मार. पण माझ्या मिनिटात नऊच सेकंद, हे मला माहीत होतं. लवकर नळी हलवली आणि सगळं फुकट गेलं तर? उशिरा हाक मारली तर? माझा अंगठा काचेवर इतका दाबला गेला होता की तो बधिर झाला. काटा नखाला टेकला. मी थांबलो. नखाच्या मधोमध आला.

"सिस्टर!"

ती दारातच होती. स्वतःच्या घड्याळात बघत येत होती. मला म्हणाली, "बरोब्बर." नळी उचलून आडवी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं.

"डॉक्टर!" ती ओरडली, आणि मग त्या खोलीत सगळेच धावायला लागले. मला बाहेर काढलं.

संध्याकाळी वैनी आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही.

गुरुजी वाचले. पंधरा दिवसांनी शाळेत आले. मी डॉक्टरांना विचारलं होतं, मी जरा आधी आणलं असतं तर बोट वाचलं असतं काय? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. लवकर आणलेलं केव्हाही चांगलं." मला विचारायचं होतं, लवकर म्हणजे किती?

बाय माझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. नवव्या दिवशी मी पोरांना सोडायला वर्गाच्या दारात गेलो तर भिंतीवर माझ्या लांबच लांब पट्टीखाली एक नवीन पट्टी. दोन बोटं आणि वर थोडी. बाजूला बायच्या अक्षरात काहीतरी. मी दुसऱ्या एका पोराकडून वाचून घेतलं. "बाबा. फुरसे. ११ मि. ४० से." भिंतीवरच्या माझ्या दोन पट्ट्यांत ती किती लहान होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

पंधराव्या दिवशी गुरुजी शाळेत आले तेव्हा मी म्हटलं, "गुरुजी, ती तेवडी काडून टाका. लोक बगतत."

त्यांनी तीन बोटांत खडू धरला होता. म्हणाले, "माप काढता येत नाही. नवीन घेता येतं." आणि पोरांना म्हणाले, "हं, डोळे मिटा. एक मिनिट."

त्यानंतर मी घड्याळात नवीन सेल घातला आणि ते सुलटं बांधलं. बायने मला उरलेलं शिकवलं, साडे आणि पाऊण आणि सगळं. आता कोणी नऊला बोलावलं की मी सव्वाआठला तिथे उभा असतो. लोकांची आंघोळ व्हायची असते, दारात मी. बायको म्हणते, आधीचाच बरा होता. कोणी रिक्षेत बसताना म्हणालं की "पाच मिनटां थांब हां," की मी मनात मोजत बसतो.

गुरुजी आता निवृत्त होऊन वैभववाडीकडे घरी असतात. बायचा बारावीचा निकाल लागला तेव्हा तिला घेऊन पेढे द्यायला गेलो. अकराला बोलावलं होतं. आम्ही सव्वादहालाच पोचलो आणि त्यांच्या दगडी गडग्याबाहेर फणसाखाली पाऊण तास बसलो. बाय कपाळाला हात लावून बसली होती. काटा कडीकडच्या रेघेवर आला तसं मी फाटकाचं बेडं उघडलं.

गुरुजींनी तळहात वर केला. "अकरा," म्हणाले. मला जग जिंकल्यासारखं वाटलं.

पडवीत त्यांचे एक शेजारी बसले होते. वैनींनी कोकम सरबत आणलं. गुरुजींनी पेला चार बोटांनी धरला, करंगळी बाहेर, एखाद्या साहेबासारखी. शेजाऱ्याने विचारलं, हे कोण? गुरुजी म्हणाले, "हे आमचे ड्रायव्हर." आणि मला राहवलं नाही. शेजाऱ्याला सगळं सांगायला लागलो. नळी कशी, रेघा कशा, नख कसं. सलूनवर मी फार वेळ घालवला नाही. म्हटलं, "ह्याच अंगठ्यान वीस मिनटां मोजलंय! एक सेकंद हय नाय की थय नाय. सिस्टर सुद्दा म्हणाली, बरोब्बर! विचारा गुरुजींका!"

गुरुजी पेल्यात बघत होते. बाय गडग्याकडे बघत होती. वैनी माझ्यासमोरचा रिकामा पेला उचलायला वाकल्या होत्या. उचलला आणि तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, तुमची वीस मिनटां तुमकाच ऱ्हवांदेत. ह्येंच्या बोटाक रोज सकाळी मी तेल लावतंय. माका तुमची अकराच म्हायत आसत."